लिनबाईंची हिरवी पाटी

'तक्रारीचं स्वरूप: दुकानात विकायला ठेवलेले मासे जिवंत आहेत.'

अमेरिकेतल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात मी एकवीस वर्षं फूड इन्स्पेक्टर होते. त्या काळात टेबलावर आलेल्या शेकडो तक्रारींमधली ही एक मी कधीच विसरणार नाही. तक्रार करणाऱ्या बाईंना मी नियमाप्रमाणे फोन केला. त्या एका चिनी मासळीच्या दुकानात चुकून शिरल्या होत्या आणि टाकीतल्या माशांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं होतं. मी विचारलं, "मासे मेलेले असते तर तुमची हरकत नव्हती?" त्या म्हणाल्या, "अर्थातच नव्हती. नॉर्मल दुकानात असतात तसे." मी 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली. नंतर मला खूप हसू आलं. पण त्या बाईंना हसण्याचा मला फारसा अधिकार नव्हता. का, ते सांगते.

मी मूळची देवगडची. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकले, लग्न झाल्यावर नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ सांता क्लाराला आले. वर्क परमिट येईपर्यंत काही वर्षं घरात बसून काढली आणि तो हातात पडल्या पडल्या काउंटीची परीक्षा दिली. आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं झुरळं शोधत फिरण्याचं नाही. ते मुख्यतः तापमानाचं काम आहे. खिशात एक सुईसारखा थर्मामीटर असतो. सकाळी तो बर्फाच्या पाण्यात बुडवून बत्तीस अंश फॅरनहाइट दाखवतो का ते बघायचं, मग दिवसभर तो लोकांच्या अन्नात खुपसायचा. थंड पदार्थ एक्केचाळीस अंशांच्या खाली हवा आणि गरम पदार्थ एकशे पस्तीसच्या वर. मधला सगळा पट्टा धोक्याचा, कारण जंतूंना तिथेच सुख लागतं. दुकानात शिरल्यावर मी आधी हात धुवायच्या बेसिनकडे जायची. बेसिन कोरडं ठणठणीत असेल किंवा त्यात लेट्यूसच्या पेट्या ठेवलेल्या असतील, तर पुढचं सगळं मला कळून चुकायचं. शेवटी दारावर पाटी लावायची. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे सुधारा, लाल म्हणजे बंद.

लिनबाईंचं दुकान माझ्या हद्दीत आलं तेव्हा मी नोकरीत दोनच वर्षांची होते. एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या टोकाला ते दुकान होतं. एका भिंतीला माशांच्या टाक्या, समोर बर्फावर मांडलेली मासळी, पलीकडे पालेभाज्यांचे ढीग आणि काचेआड टांगलेली भाजलेली बदकं. लिनबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. बुटक्या, रबरी गमबूट घातलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला एक शब्दही न बोलता सगळं दाखवलं. तापमान बरोबर होतं, बेसिन ओलं होतं, साबण होता. तरीही मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'माशांचा तीव्र वास', आणि दोन गुण कापले.

लिनबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, रिपोर्ट वाचला आणि अतिशय शांतपणे विचारलं, "कुठल्या कलमाखाली?"

मी नियमांचं पुस्तक चाळलं. मग पुन्हा चाळलं. मासळीच्या दुकानात मासळीचा वास येऊ नये असं कलम त्यात नव्हतं. माझे कान गरम झाले. लिनबाईंनी ती ओळ मला माझ्याच हाताने खोडायला लावली आणि खोडलेल्या जागी सही करायला लावली.

मला त्या दिवशी स्वतःची खरोखर लाज वाटली. देवगडची पोर मी, माझी आई लिलावातून सुरमई घरी आणायची. पण पुण्याच्या होस्टेलवर माझ्या सुकटीच्या डब्याला खोलीतल्या मुलींनी असं काही नाक मुरडलं होतं, की तेव्हापासून वासाच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूने विचार करायला शिकले होते. अमेरिकेत आल्यावर तर मी कढी केली तरी खिडक्या उघडायची. इतरांनी नाक मुरडण्याआधी आपण मुरडलेलं बरं, असा तो सगळा प्रकार.

त्यानंतर मी त्या दुकानात डोळे उघडे ठेवून जायला लागले. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे म्हाताऱ्या चिनी बायका पिशव्या घेऊन यायच्या. त्यांची खरेदी बघणं हे माझं शिक्षणच होतं. टाकीतला मासा जाळीने वर काढून आधी गिऱ्हाइकाला दाखवायचा. बाई त्याच्याकडे बघून मान हलवणार. नको. दुसरा काढा. तोही नको, सुस्त आहे. तिसरा शेपटीने पाणी उडवणारा निघाला की मग बाईचा चेहरा जरा सैल पडणार. बर्फावरच्या माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघणार, बोटाने अंग दाबून खड्डा राहतो का ते बघणार. माझी आई अगदी हेच करायची, आणि कोळणीशी भांडायचीसुद्धा याच सुरात. मी वर्षातून दोन-तीनदा येणारी इन्स्पेक्टर. ह्या बायका रोज येणाऱ्या आणि माझ्याहून दहापट कडक. त्यांच्या तावडीत शिळा मासा खपवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

लोकांना त्या दुकानाची ओली फरशी खटकायची. फरशी ओली असायची कारण ती दिवसातून कितीतरी वेळा पाइपाने धुतली जायची. टांगलेली बदकं खटकायची. पण असं भाजलेलं अख्खं बदक चार तासांपर्यंत बाहेर टांगायला कायद्यानेच मुभा आहे, आणि ते कधी बाहेर काढलं ह्याची वेळ लिनबाई भिंतीवरच्या फळ्यावर लिहायच्या. तांदळाच्या ताज्या ओल्या शेवयांच्या पाकिटांवर तर त्या स्वतः शिक्का मारायच्या. फ्रीजमध्ये ठेवल्या तर त्या शेवया दगडासारख्या होतात म्हणून बाहेर ठेवायच्या, आणि वेळ संपली की विकल्या गेल्या नाहीत तरी सरळ कचऱ्यात. एकदा मी समोर असताना त्यांनी सहा पाकिटं टाकली. वेळ संपून पाचच मिनिटं झाली होती.

उलट, त्याच रस्त्यावर माझ्या हाताने लाल पाटी एकाच ठिकाणी लागली. ते होतं लाकडी काउंटरचं, कुंड्यांमध्ये तुळस लावलेलं, हळू आवाजात बासरी वाजणारं एक सॅलडचं दुकान. त्यांच्या फ्रीजचं तापमान अठ्ठावन्न होतं आणि मागच्या खोलीत उंदरांचा सुखाचा संसार चालला होता. त्या दुकानाविरुद्ध एकदाही तक्रार आली नव्हती. वास छान यायचा ना!

महासाथीच्या काळात तर सगळंच बिघडलं. ज्यांनी जन्मात चिनी बाजार पाहिला नाही ते त्यावर तासतासभर बोलायला लागले. लिनबाईंच्या शटरवर कोणीतरी काळ्या रंगात घाण लिहून ठेवलं, ते त्या स्वतः ब्रशने घासत असताना मी पाहिलं. आमच्या ऑफिसचे फोन वाढले. "तिथे वटवाघळं विकतात" म्हणून तीनदा तपासणीला जावं लागलं. वटवाघूळ कुठलं, तिथे होते मासे, खेकडे, कोथिंबीर आणि दुधी. आमच्या मराठी पार्ट्यांमध्येसुद्धा "हे लोक ना यार, काहीही खातात" हे वाक्य हमखास यायचं. कधी मी बोलले, बरेचदा बोलले नाही. वाद कशाला वाढवा, म्हणून समोशाचा घास घेत गप्प बसले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची आहे.

आमच्या मराठी मंडळाने एका शनिवारी 'कोकण महोत्सव' केला. भाड्याच्या हॉलमध्ये दुपारचं जेवण, दीडशे माणसं. मासळी लिनबाईंच्या दुकानातून आणायची असं ठरलं, कारण अख्खं पापलेट आणि बांगडा तसा दुसरीकडे मिळायचाच नाही. ह्याला एकट्या नेनेकाकांचा विरोध होता. नेनेकाका मंडळाचे जुने आधारस्तंभ. चिप डिझाइनमध्ये जन्म घालवलेले, निवृत्त, शिस्तीचे आणि कडक शाकाहारी. "चायनीज दुकानाचा भरवसा नाही," असं ते मीटिंगमध्ये म्हणाले, मग "माझं मत मी नोंदवलंय," असं म्हणून शाकाहारी टेबलाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. त्यांचा मसालेभात आमच्याकडे प्रसिद्ध आहे. मी मात्र त्या शनिवारी मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या राज्यात गेले होते, त्यामुळे जेवणाला नव्हते.

रविवारी सकाळी फोन उघडला तर व्हॉट्सअपवर हाहाकार. दुपारी एकला जेवलेली माणसं तीन-चार वाजल्यापासून उलट्या करत होती. सत्तावीसजण आजारी. नेनेकाकूंना तर अंगातलं पाणी कमी झालं म्हणून इस्पितळात दाखल केलं होतं. आणि खाली नेनेकाकांचा मेसेज होता: 'चिनी दुकानातल्या माशांमुळे विषबाधा. मी आधीच सांगितलं होतं. सर्वांना कळवा.' त्याबरोबर दुसऱ्याच कोणीतरी काढलेला दुकानातल्या टाक्यांचा फोटो. लोकांनी सर्वांना कळवलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो इंग्रजी मजकुरासह आसपासच्या वस्तीत सगळीकडे फिरला होता.

खोटं कशाला सांगू, पहिला संशय मलाही माशाचाच आला. इतकी वर्षं ते दुकान बघूनसुद्धा.

सोमवारी मी आमचे साहेब डेव्ह यांना सगळं सांगितलं. मी मंडळाची सभासद आहे, ही माणसं माझ्या ओळखीची आहेत, काम दुसऱ्याला द्या. डेव्ह म्हणाले, "तू जेवली नाहीस. ते लोक तुझ्याशी बोलतील, माझ्याशी बोलणार नाहीत. टेरेसाला बरोबर घे, प्रत्येक कागदावर तिची सही हवी." टेरेसा माझी सहकारी, कोणालाही न बधणारी.

आम्ही आधी लिनबाईंकडे गेलो. मी त्या दिवशी जितकी कडक तपासणी केली तितकी आयुष्यात केली नसेल. टाक्यांचं पाणी, बर्फ, कोल्ड रूम, पावत्या, शिंपल्यांच्या पोत्यांवरचे टॅग, सगळं. तीन तास लागले. काहीही सापडलं नाही. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. सकाळच्या त्या म्हाताऱ्या बायकासुद्धा नव्हत्या, त्यांच्या मुलांनी त्यांना जाऊ दिलं नव्हतं.

लिनबाईंनी मला एक पत्र दाखवलं. शॉपिंग सेंटरच्या मालकाचं होतं. दुकानाचं लीज संपत आलं होतं आणि शुक्रवारी नव्या लीजवर सह्या व्हायच्या होत्या. मालकाने लिहिलं होतं, शुक्रवारपर्यंत काउंटीचा निर्वाळा आला नाही तर जागा दुसऱ्याला देईन.

"एकोणतीस वर्षं," लिनबाई म्हणाल्या. "मी कोणाला आजारी पाडलं नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत असून उपयोग नाही," मी म्हणाले. "मला सिद्ध करायला पाहिजे." शुक्रवार चार दिवसांवर होता.

विषबाधेचा तपास म्हणजे फार नाट्यमय काही नसतं. एक लांबलचक तक्ता असतो. प्रत्येकाला फोन करायचा. काय खाल्लं, काय खाल्लं नाही, किती वाजता त्रास सुरू झाला. आजारी माणसांइतकेच ठणठणीत माणसांना प्रश्न विचारायचे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मी आणि टेरेसाने दोन दिवसांत शंभरावर फोन केले. मी मराठीत विचारायची, ती तक्त्यात खुणा करायची. आमची माणसं जेवणाबद्दल इतकं मन लावून सांगतात, की "किती खाल्लं" ह्या प्रश्नाला "तीनदा घेतलं, पण थोडं थोडं" अशी उत्तरं लिहून टेरेसा हैराण झाली.

मंगळवारी दुपारी तिने पेन्सिल खाली ठेवली. "सुलभा, हे बघ. फक्त पापलेट आणि साधा भात खाल्लेली एकोणीस माणसं. एकही आजारी नाही. आणि ही आजी बघ, इस्पितळातली. ती मासे खाते?"

नेनेकाकू आणि मासे! काकू अंडं घातलेला केकसुद्धा खात नाहीत.

आजारी पडलेल्या सत्तावीसजणांमध्ये शाकाहारी होते, मांसाहारी होते, लहान होते, मोठे होते. सगळ्यांनी खाल्लेली एकच गोष्ट होती. मसालेभात.

त्याच संध्याकाळी आम्ही नेन्यांच्या घरी गेलो. काकू घरी आल्या होत्या, कोचावर शाल घेऊन बसल्या होत्या. काका स्वतः ठणठणीत होते. त्यांना शनिवारचा उपास, त्यामुळे त्यांनी फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. माझा प्रश्न यायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"सुलभा, क्रॉस कंटॅमिनेशन! माशाचा डाव आपल्या टेबलावर आला असणार. आय अ‍ॅम शुअर."

"काका, मसालेभात कसा केलात ते सांगा ना."

"तो काय नेहमीचाच." काकांचा चेहरा खुलला. "शुक्रवारी संध्याकाळी गराजमध्ये दोन मोठी पातेली चढवली. सात वाजता तयार. मग दोन्ही पातेल्यांना वरून घट्ट झाकण आणि आईच्या दोन गोधड्या गुंडाळल्या. गराजमध्येच ठेवली. अगं, शनिवारी दुपारी हॉलमध्ये झाकण काढलं तर भात अजून कोमट होता! सतरा-अठरा तास! रिहीट करायला जेमतेम दहा मिनिटं लागली."

माझं लिहिणं थांबलं. आपल्याकडे लग्नाकार्यात पातेली अशी गुंडाळून ठेवताना मी लहानपणापासून पाहिलंय. त्यात माया असते, पाहुण्याला गरम घास मिळावा ही इच्छा असते. पण ती पातेली तास-दोन तासांत पंगतीला जायची. सतरा तास कोमट राहिलेलं खोल पातेलं म्हणजे आमच्या त्या धोक्याच्या पट्ट्याचा बरोबर मध्य. तांदळात एका जंतूची बीजं असतात. ती शिजवून मरत नाहीत, कोमट भातात जागी होतात आणि विष तयार करतात. नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. दोन-तीन तासांत उलट्या सुरू.

"काकू," मी विचारलं, "थोडा भात उरला होता का हो?"

"उरला होता की! टाकायचा कसा? दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये भरून आणलाय. तीन डबे आहेत फ्रीजमध्ये. पण इच्छाच झाली नाही खायची."

मी टेरेसाला सांगितलं तेव्हा तिने ते मला दोनदा सांगायला लावलं. विषबाधेच्या तपासात उरलेलं अन्न मिळायला नशीबच लागतं, कारण लोक सगळ्यात आधी ते फेकून देतात. आम्ही डबे बर्फाच्या पेटीत ठेवले, सील केले, सह्या केल्या.

काका सगळं बघत होते. तेही अखेर इंजिनिअर माणूस. हळूच म्हणाले, "किती टेंपरेचरला ग्रोथ होते?"

मी सांगितलं.

"आणि मासे?"

"मासे बर्फात होते, काका. सकाळी तिथून उचलले, हॉलमध्ये गरम तेलात तळले आणि लोकांनी उभ्या उभ्या खाल्ले."

त्यांनी पेटीवरचं सील वाचलं. मग म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये लिहिणार तू?"

"नाव कोणाचंच लिहीत नाही. भात लिहीन."

"म्हणजे मीच. सगळ्यांना माहितीये भात कोणाचा." त्यांचा आवाज चढला. "पंचवीस वर्षं केलं मी मंडळासाठी! आपल्याच माणसाचं असं करणार तू? 'नक्की कारण कळलं नाही' असं नाही लिहिता येणार?"

"येईल. मग शुक्रवारी त्या बाईंचं दुकान जाईल."

काका उठून आत गेले. काकू कोचावरून मला म्हणाल्या, "तू तुझं काम कर गं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

प्रयोगशाळेचा निकाल गुरुवारी दुपारी आला. तिन्ही डब्यांमध्ये तोच जंतू, भरपूर. डेव्हनी रिपोर्टवर सही केली. कारण भात, मासळी निर्दोष. माझा जीव भांड्यात पडला. शुक्रवारी सकाळी मी कागद आणि नवी हिरवी पाटी घेऊन लिनबाईंच्या दुकानाकडे निघाले.

पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा दुकानाच्या दाराशी नेनेकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छापलेला कागद. मला वाटलं, आता हे इथे भांडणार. मी जवळजवळ धावतच गेले.

काकांनी दुकानात पाऊल टाकलं. जन्मात पहिल्यांदा मासळीच्या दुकानात शिरले होते. त्यांच्या नाकपुड्या क्षणभर आक्रसल्या, पण मागे वळले नाहीत. सरळ लिनबाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी नेने. भात माझा होता. तुमच्यावर खापर फोडणारा मेसेज मीच लिहिला. मी चुकलो. माफी मागायला आलोय."

मला वाटलं होतं, लिनबाई म्हणतील, ठीक आहे, असं होतं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. चष्मा चढवला आणि काकांकडे नीट पाहिलं.

"तो मेसेज किती लोकांना पाठवला?"

"ग्रुपमध्ये चारशेजण आहेत."

"मग हे मला एकटीला का सांगता? चारशेजणांना सांगा."

काकांनी हातातला कागद पुढे केला. मेसेज त्यांनी आधीच लिहून आणला होता, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. लिनबाईंनी इंग्रजी बाजू वाचली. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "इथे 'कदाचित' लिहिलंय. ते काढा." काकांनी तिथेच फोनवर तो शब्द काढला आणि मेसेज पाठवला. मग आसपासच्या वस्तीच्या पानावरही टाकला, स्वतःच्या पूर्ण नावानिशी. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांच्याबद्दल इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

मी जुनी पाटी काढून नवी हिरवी पाटी दारावर लावली.

अकरा वाजता जागेचा मालक आला. उंच, घाईत असलेला माणूस. मी त्याला रिपोर्ट दिला. तो पहिलं पान वाचतो न वाचतो तोच पार्किंगमध्ये गाड्या यायला लागल्या. मिनीव्हॅन, टेस्ला, अजून एक मिनीव्हॅन. आमचीच माणसं! मेसेज वाचून शुक्रवारच्या कामाला दांडी मारून आलेली, पुण्याची, मुंबईची, नागपूरची. आजारातून उठलेला एक जोशी तर चक्क पत्नी आणि सासूबाईंना घेऊन आला होता. "दोन किलो बांगडा," कोणीतरी ओरडलं. एक टीनएजर मुलगी टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "मॉम, दे आर सो फ्रेश," आणि तिच्या आईने कल्ला कसा बघायचा ते तिला माझ्यादेखत चुकीचं शिकवलं. मी बर्फावरच्या एका माशाचा कल्ला उचलून तिला बरोबर दाखवला. मागोमाग त्या चिनी आज्यासुद्धा पिशव्या घेऊन आल्या आणि आमच्या बायकांना कोपरांनी बाजूला सारून पुढे गेल्या. एक आजी आणि जोश्याच्या सासूबाई एकाच पापलेटावरून हमरीतुमरीवर आल्या, एक चिनीतून आणि एक मराठीतून, आणि दोघींना एकमेकींचं म्हणणं पूर्णपणे कळत होतं.

मालकाने दुकानाभोवती एक चक्कर मारली आणि भाजीच्या काउंटरवर कागद ठेवून सही केली. दहा वर्षांचं लीज. लिनबाईंनी सही करण्याआधी सगळी पानं वाचली. आम्ही सगळे, मासे हातात घेऊन, त्या वाचून संपेपर्यंत थांबलो. त्यांनी सही केली तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांना भाताचं सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मधेच थांबवून म्हणाल्या, "सतरा तास? गोधडीत?" आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मला विचारायचं. तांदळाला मी घड्याळ लावते."

नेनेकाकांनी त्यानंतर मंडळ सोडायचं म्हटलं, पण काकूंनी सोडू दिलं नाही. मीही नाही. दुसऱ्या वर्षीचा कोकण महोत्सव आला तेव्हा लिनबाईंना आम्ही पाहुण्या म्हणून बोलावलं. त्या मासळीच्या पेट्या घेऊन स्वतः आल्या, नेहमीचे गमबूट घालूनच. मंडळाच्या अध्यक्षांनी पुष्पगुच्छ पुढे केला. लिनबाईंनी तो काखेत धरला आणि पेट्यांवरचा हात काही काढला नाही.

"मासे मिळतील," त्या म्हणाल्या. "आधी भात दाखवा."

हॉलमध्ये हशा पिकला. नेनेकाका मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे पुढे झाले, तासाभरापूर्वी तिथेच शिजवलेल्या भाताचे चार ट्रे त्यांनी ओळीने मांडले, खिशातून स्वतःचा थर्मामीटर काढला आणि लिनबाईंच्या हातात दिला. लिनबाईंनी चारही ट्रेमध्ये तो मधोमध खुपसून बघितला. शेवटच्या ट्रेशी त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. मग थर्मामीटर पुसून काकांना परत केला आणि म्हणाल्या, "पास."

काकांनी वळून सगळ्या हॉलकडे पाहिलं. त्यांनी डिझाइन केलेली चिप बाजारात आली तेव्हाही त्यांचा चेहरा इतका फुलला नसेल.